तारीख सांगायची नसते

कैद्याला दवाखान्याची तारीख सांगायची नसते. तुरुंगाच्या दवाखान्यात सतरा वर्षं काढलेल्या नर्सला हे कुणी शिकवायला नको. तारीख फुटली की बाहेर कुणीतरी दबा धरून बसेल आणि कैदी पळेल, ही भीती. सातव्या महिन्यातली बाई सुजल्या पायांनी पळून पळून कुठवर जाणार, हे नियम लिहिणाऱ्याला कुणी विचारलं नसावं.

तरी मी सांगितली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बराकीत तिला सगळ्या धाकटी म्हणायच्या. वय एकवीस, खटला अजून सुरूच झालेला नाही. सोनोग्राफी एकदाही नाही आणि रक्तदाब रोज चढता. मी तीन अर्ज केले तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्याची तारीख मिळाली. त्याच दिवशी तिने विचारलं, "सिस्टर, लाथा मारतंय, पण धड आहे ना हो? सगळं आहे ना त्याला?"

"गुरुवारी बघशील की," मी बोलून गेले.

तिने संध्याकाळीच आईला पत्र लिहिलं. गुरुवारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ये, लांबूनच उभी राहा, मला नुसतं बघ. इथलं प्रत्येक पत्र वाचूनच बाहेर जातं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आईच्या ओढीने तेवढं भान राहिलं नाही. पत्र अडवलं, गुरुवार रद्द झाला.

मी आधी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर, आणि तो सगळा राग घेऊन अधीक्षकांकडे गेले.

"नियम आहे. आता सहा आठवड्यांनी," ते म्हणाले.

"तेव्हा सोनोग्राफी कशाची करायची साहेब, पाळण्याची?"

ते हसले नाहीत. मी रक्तदाबाची वही त्यांच्यापुढे ठेवली. "हे आकडे बघा. झटके आले तर दोन जीव जातील. तारीख मी फोडली, शिक्षा मला करा. तपासणी तिचा हक्क आहे, चांगलं वागल्याचं बक्षीस नाही. आणि तपासताना बेड्या नकोत. हे सगळं लेखी द्या, नाहीतर मी वर लिहिते."

त्यांनी वहीची पानं मागेपर्यंत चाळली. "या आठवड्यात पाठवतो. बेड्या खोलीबाहेर काढू. पण या वेळी तोंड उघडलंत तर तीही तारीख गेली."

"शिवून घेते."

मला मेमो मिळाला. धाकटी रोज विचारायची, "कधी?" मी म्हणायची, "बघू." तिसऱ्या दिवशी तिने विचारणं सोडलं. रक्तदाबाचा पट्टा बांधायला हात पुढे करायची, तोंड भिंतीकडे.

जायच्या आदल्या दिवशी तिची आई कपडे द्यायला फाटकावर आली. भेटीचा दिवस नव्हता, आत सोडलं नाही. मला पांढऱ्या कपड्यांत बघून ती धावतच आली. "बाई, माझी लेक बरी आहे ना हो?"

'उद्या' एवढा एकच शब्द ओठावर होता. "बरी आहे," मी म्हणाले आणि आत निघून गेले. इतकी लाज मला मेमोचीही वाटली नव्हती.

दवाखान्यात टेबलावर झोपल्यावर धाकटीने आधी दाराकडे बघितलं. "आई?"

"नाही सांगितलं गं. काल फाटकावर भेटली होती, तरी नाही सांगितलं."

तिने डोळे मिटून घेतले. मग डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा आवाज मोठा केला आणि बाळाचे ठोके खोलीभर ऐकू आले. बाळ धड होतं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दर आठवड्याला तपासणी लिहून मिळाली. धाकटी म्हणाली, "परत ऐकवा ना." तीनदा ऐकवलं.

परतताना गाडीत तिच्या एका हातात बेडी होती. दुसऱ्या हाताचं बोट ती बाकावर भराभर वाजवत होती.

"काय चाललंय गं?"

"विसरायचं नाही मला. भेटीला अजून अकरा दिवस आहेत. आईला असंच वाजवून दाखवणार."

आईने ते स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं. मला तेव्हा फार वाटलं, अजूनही वाटतं.

थोड्या वेळाने तिचं बोट अडखळलं. "असंच होतं ना, सिस्टर?"

"याहून जलद," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी वाजवू लागले.