मास्तरांच्या टाचा

गॉडफ्रे मास्तर शिकवून शिकवून अगदी विटून गेले होते. गास गावातल्या आपल्या केळीच्या वाडीत त्यांनी कितीतरी पोरांच्या हाती क्लॅरिनेट दिलं. त्यातली निम्मी कॅनडाला गेली आणि उरलेली कीबोर्ड घेऊन बसली. लग्नात आता बँडऐवजी डीजे येतो. शिष्य म्हणावी अशी एकटी स्वप्ना राहिली होती. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधून दर रविवारी येणारी, पतपेढीत नोकरी करणारी आणि चाळिशी उलटल्यावर हौस आठवलेली.

मास्तरांची पद्धत जगावेगळी. खुर्ची नाही, समोर कागद नाही. ते वाडीतल्या पायवाटेनं पुढे चालायचे आणि शिकणाऱ्यानं वाजवत मागून जायचं. "माझ्या टाचेकडे बघ," एवढाच धडा. पाऊल लांबलं की सूर लांबवायचा, पाऊल थांबलं की श्वास घ्यायचा. कोणी चुकलं तरी मास्तर वळून बघत नसत. चुकलेल्यानं आपली वाट आपणच शोधायची.

दुसरा नियम त्याहून कडक. चारचौघांत पहिल्यांदा वाजवायचं ते मयताला, शवपेटीमागून चालत. लग्नात लोक आपल्याच नादात असतात, काहीही खपून जातं. मयताला टाळ्या नसतात, त्यामुळे मिरवायची सोयच नाही.

स्वप्नानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मास्तर, मयताला मात्र मी येणार नाही हं. सासूबाई घरात घेणार नाहीत. मला ऑफिसच्या कार्यक्रमापुरतं शिकवा."

पूर्वीच्या मास्तरांनी तिला तिथल्या तिथे फाटक दाखवलं असतं. पण वाद घालायलाही अंगात बळ लागतं. "बरं," म्हणाले आणि चालायला लागले.

होतं नव्हतं ते बळ डेल्फिनपाशी खर्ची पडत होतं. बायकोनं अंथरूण धरलं होतं. तिला भरवायचं, कुशीवर वळवायचं, रात्री उठून पाणी द्यायचं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दोघांनाही काय ते समजलं. खिडकीशी पडल्या पडल्या ती शिकवणी ऐकायची आणि मधूनच ओरडायची, "बाय, दम घे गं! मास्तर काय पळून नाय जात!"

एका दुपारी तिनं मास्तरांचं मनगट धरलं. "माझ्या मयताला तुम्ही वाजवायचं नाही."

"मग कोण वाजवणार? बँड राहिलाय कुठे?"

"ते मला नका विचारू. अख्ख्या गावाला पोचवलंत तुम्ही. माझी आई गेली तेव्हाही मी एकटी रडत चालले आणि तुम्ही आपले बँडमध्ये. माझ्या वेळी माझ्याबरोबर चाला. हात रिकामे ठेवून. शब्द द्या."

मास्तरांनी शब्द दिला. मात्र डेल्फिनला मुक्यानंच न्यायचं, हे काही त्यांना सोसवेना. स्वप्नाला विचारावं असं कैकदा ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळून टाकलं. ज्या बाईनं स्पष्ट नाही म्हटलंय, तिच्यापुढे आपलं दुःख घेऊन उभं राहायचं? नको वाटलं त्यांना.

डेल्फिन गेली ती सकाळी, पेज भरवता भरवता. दुसऱ्या दिवशी पुतण्यांनी पेटी खांद्यावर घेतली तेव्हा मास्तरांना आपल्या हातांचं काय करावं ते उमजेना. आजवर अशा वेळी ते कधी रिकामे नव्हतेच.

फाटकापाशी स्वप्ना उभी होती. पांढरा ड्रेस, हातात क्लॅरिनेट.

"आंटींनीच बोलावून ठेवलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही वाडीत पाण्याची मोटर लावायला गेला होतात तेव्हा. म्हणाल्या, मास्तर काही विचारायचे नाहीत, म्हणून मीच विचारते."

"आणि सासूबाई?"

"त्या म्हणाल्या, जा. आल्यावर आधी आंघोळ कर, मग बाकीचं."

 मास्तर पेटीमागे जाऊन उभे राहिले, स्वप्ना त्यांच्या मागे. बँड म्हणायचा तो एवढाच.

ती वाजवू लागली. सुरुवात बरी होती. पण पुतणे तरणेताठे, त्यात ऊन रणरणतं. ते झपाझप निघाले. चर्चच्या वळणाशी स्वप्नाचा दम तुटला. सूर चिरकला आणि बंद पडला. सगळी वाट एकदम गप्प झाली. नुसती चपलांची फटफट.

मास्तरांची बोटं आपोआप हलली. वळून तिच्या हातातलं क्लॅरिनेट घेतलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. ते वळले नाहीत. त्यांनी पेटीवर तळवा ठेवला आणि ती जराशी मागे धरली. पुढच्या पुतण्यानं मान वळवून पाहिलं आणि पाय आवरते घेतले. मग मास्तर चालले वाडीत चालायचे तसे. एक पाऊल टाकलं. थांबले. मागे स्वप्नानं खोल श्वास घेतलेला त्यांना ऐकू आला. त्यांनी दुसरं पाऊल उचललं आणि सूर उठला, पहिल्यापेक्षा लांब, न थरथरता.

तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. वाजवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. शिकवणार नाही, असं डेल्फिननं कुठे वदवून घेतलं होतं? पेटीवरचा हात तसाच ठेवून, डोळे न पुसता, मास्तर एकेक टाच सावकाश टेकवत तिच्याबरोबर चालत राहिले.