जांभळ्याचं पिवळं

चातुर्मासात दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. मुलुंडच्या आमच्या फार्मसी कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक. सिद्धेश सरांनाही. म्हणूनच घाटकोपरच्या ज्येष्ठ नागरिक संघाला त्यांनी अकरा वाजता बोलावलं.

विसराळूपणावरची सरांची नवी कॅप्सूल. मेंदूला इजा करणारे फ्री रॅडिकल ती गिळते का, हे तपासायचं काम माझं. फ्री रॅडिकलचं जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात औषध घालायचं. रंग उडून पिवळा झाला की औषधाने काम केलं, निदान नळीत तरी. कॅप्सूलने रंग उडायचा. मग मी आतलं मूळ औषध वेगळं काढून तपासलं. जांभळं तसंच! रंग उडवत होतं ते कॅप्सूल टिकावी म्हणून घातलेलं क जीवनसत्त्व. कालच सरांना दाखवलं. "बघू, बघू," म्हणाले.

आणि आज तेच सर नळी उंच धरून उभे. कॅप्सूलचे थेंब पडले, जांभळ्याचं पिवळं झालं. टाळ्या!

पुढच्या रांगेतले सहदेवकाका उठले. शेजारी त्यांची बायको, चंपाकाकू, पदराचं टोक गुंडाळत बसलेल्या.

"सर, मग हिच्या डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून हेच चालू करू?"

"करून बघा की! ताई मौनात आहेत, नाहीतर त्यांनीच सांगितलं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड आणली, जांभळ्या द्रावणाच्या दुसऱ्या नळीत पिळली. तिथेही पिवळं.

"बघा, ताईंनीपण करून दाखवलं!" सर हसले.

माझं व्रत पांघरून खोटं बोलतो हा माणूस! शब्द फुटले ते ओरडूनच.

"काका, हे लिंबू होतं! नुसतं लिंबू! यांचं औषध यातलं काही करत नाही. आणि नळीतला रंग उडाला म्हणजे काकूंना आठवायला लागेल, असं कुणी सांगू शकत नाही. गोळ्या बंद करू नका!"

"ताई, व्रत मोडलंत," सर दबक्या आवाजात म्हणाले.

"देवाला मी सांगेन काय ते. तुम्ही यांना सांगा."

सर नळ्या आवरायला लागले.

"चला ना घरी," चंपाकाकू म्हणाल्या.

"थांब गं. साहेब बोलतायत ना अजून," काका सरांवरची नजर न हलवता म्हणाले.

सर नळ्या उचलून दाराकडे निघाले होते. मी खुर्ची ओढली आणि दारात बसले.