लांब पल्ल्याची तबकडी आणि महिपतकाकांचा हात

मी एक जुनी तबकडी आहे. रंग नारिंगी, एका कडेला कुत्र्याने चावलेली. मित्रांनो, आधीच सांगते, मी झाकण नाही. कोकणातल्या केळशीत मला पुष्कळांनी झाकण म्हटलं, काहींनी ताटली म्हटलं, आणि एका म्हातारीने तर मला उलटी करून माझ्यावर पापड लाटायला घेतला होता. माझा जन्म फेकण्यासाठी झाला आहे. तेही जवळ नाही, लांब.

अमेरिकेतल्या एका कारखान्यात कढत प्लॅस्टिक साच्यात दाबून मला घडवलं. माझी कड पातळ काढली, विळ्याच्या पात्यासारखी. पाठीवर इंग्रजी अक्षरांत छापलं, की ही लांब पल्ल्याची आहे. त्या अक्षरांनी माझं डोकं बिघडलं. दुकानात माझ्या शेजारी एक पांढरी तबकडी होती. तिची कड जाड आणि बोथट. मी तिच्याशी कधी बोलले नाही.

महिपतकाकांचा पुतण्या मोरू परदेशी बोटीवर खलाशी होता. एका बंदरात त्याने लोकांना खेळताना पाहिलं. दूरवर एक टोपली लावायची, तबकडी फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, पाण्यात गेली तर काठावरून. कमीत कमी फेकींत जो टोपलीत टाकेल तो जिंकला. या खेळाला तिकडे डिस्क गोल्फ म्हणतात. मोरूला तो फार आवडला. त्याने आम्हा दोघींना विकत घेतलं, आणि एकोणीसशे पंच्याऐंशी साली ट्रंकेच्या तळाशी बसून, दापोलीहून एस.टी.चे धक्के खात, मी केळशीत उतरले.

तुळसाकाकीने, म्हणजे महिपतकाकांच्या बायकोने, आम्हाला बोटाने टकटक वाजवून पाहिलं.

"मेल्या, एवढा समुद्र ओलांडून ताटल्या आणल्यास? आणि ह्यांना धड काठ तरी आहेत का? सार सांडेल."

"काकी, त्या फेकायच्या असतात."

"फेकायच्या होत्या तर आणल्यास कशाला?"

पांढरी तबकडी तिच्या साराच्या टोपावर बरोबर बसली. महिन्याभरात ती हळदीने पिवळट झाली. मी मात्र भिंतीच्या खुंटीवर राहिले. मला वाटायचं, मान आहे तो माझाच.

किनाऱ्यावर एक मोठी उंडी होती, दाट पानांचं जुनं झाड. तिच्या सावलीत तुळसाकाकी बसायची आणि पुढच्या उन्हात बांगडे, सुकट वाळत घालायची. तीस वर्षं तिची तीच जागा. कावळे तिला फार छळायचे. एके दिवशी दुपारी सार घेऊन ती तिथे बसली होती. कावळ्याने बांगड्याला चोच लावली, तशी तिने टोपावरची तबकडी उचलली आणि बसल्या बसल्या भिरकावली. "हाऽड् मेल्या! तुझ्या बापाचं वाळवण?" कोपर अंगाजवळ, मनगटाचा एक झटका. तबकडी सरळ गेली आणि कावळ्याच्या शेपटीला लागली. त्या दिवसापासून केळशीचे कावळे पांढऱ्या तबकडीला ओळखू लागले. मोरू म्हणाला, "काकी, तुझ्यासारखा हात तिकडेपण पाहिला नाय." काकी म्हणाली, "तिकडे कावळे नसतील."

पुढच्या कार्तिकात काकीला ताप आला. तीन दिवसांत ती गेली.

त्याबद्दल जास्त सांगता येत नाही.  रोज महिपतकाका पांढरी तबकडी घासायचे, पुसायचे, आणि रिकाम्या टोपावर ठेवायचे.

दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. सगळे ताटकळले. कावळे माडावर रांगेने बसलेले, पण एकही खाली येईना. मग जशी रीत आहे, तसं एकेकाने वचन द्यायला सुरुवात केली. मोरू म्हणाला, "काकी, मी काकांना अंतर देणार नाय." कावळा नाही. शेजारची सोनूबाई म्हणाली, "तुळसा, तुझी कोंबडी माझ्याकडे आहे, ती परत देते गो." कावळा नाही. सगळ्यांनी सोनूबाईकडे पाहिलं. शेवटी काका पुढे झाले. "तुळसा, तुझी उंडीखालची जागा मी सोडणार नाय." तेवढ्यात सोनूबाईने ओशाळून भाताचा रिकामा टोप आणि त्यावरचं ते पांढरं झाकण उचलून पदराखाली घेतलं. लगेच चार कावळे एकदम उतरले.

मित्रांनो, त्या दिवशी मोरूने मला पिशवीत घेतलं होतं, तिथून मी डोकावत होते. कावळे कशाला भीत होते ते मला ठाऊक आहे. पण काकांनी वचन दिलं, आणि दिलं ते दिलं.

वैशाखात ते वचन अडचणीत आलं. खंडूने नवी होडी घेतली. तिशीचा गडी, दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवायच्या. पावसाळ्याआधी होडी वर ओढून ठेवायला त्याला उंडीची सावली हवी होती.

"महिपतकाका, जागा काय कोणाच्या नावाची नाय. जो वापरील त्याची. काकी होती तोवर आम्ही कोण बोललो का? आता तिथे वाळवतो कोण?"

काका एवढंच म्हणाले, "मी बसतो."

"बसायला काय, कुठेपण बसता येतं."

भांडण गावचे तंटे सोडवणाऱ्या आप्पांकडे गेलं. आप्पांनी चार दिवस ऐकलं आणि ते कंटाळले. तोवर मोरूच्या खेळाचं वेड साऱ्या किनाऱ्याला लागलं होतं, पोरं घरची झाकणं फेकत होती. आप्पा म्हणाले, "माझं डोकं खाऊ नका. अमावास्येला खेळा. उंडीपासून दोनशे पावलांवर बांबूला टोपली टांगू. जो कमी फेकींत टाकील, त्याची उंडी."  काकांनी होकार दिला.

आता माझे दिवस आले, असं मला वाटलं. दोनशे पावलं म्हणजे लांब पल्ला. आणि लांब पल्ल्याची कोण? काकांनी मला खुंटीवरून काढलं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला फेकलं, आणि मी थोडी पुढे गेले, डावीकडे वळले आणि समुद्रात पडले. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच. चार संध्याकाळी मी खारं पाणी प्याले. एकदा कुत्र्याने मला बाहेर काढलं, ही खूण त्याची.

मोरूने मला पुसलं आणि समजावलं. "काका, ही पातळ कडेची आहे. हिला वेग लागतो. हातातून सुटतानाच वेग नसेल, तर ही मध्येच दमते आणि डावीकडे कलंडते. उजव्या हाताने असं फेकणाऱ्या सगळ्यांचं होतं. मोठं शीड लावलं आणि वाराच नसला, तर होडी जाते का?"

"मग जोर लावतो."

"जोर वेगळा, वेग वेगळा. आधी बोथट कडेची तबकडी घ्या. ती सत्तर पावलं सरळ जायला लागली, की मग हिला हात लावा. नाय गेली, तर बोथटच तुमची. त्यात कमीपणा नाय."

मला राग आला. पण काका अडले ते दुसऱ्याच कशावर. बोथट तबकडी टोपावर होती. तिला त्यांच्याने फेकवेना. पडली, बुडाली, फुटली तर? घासूनही तिच्यावर अजून काकीच्या हळदीची बोटं होती.

सोनूबाई कुंपणावरून ऐकत होती. ती नेहमीच ऐकत असे.

"भावजी, तुळसा ती रोज दहा वेळा फेकायची. वाळूत पडायची, शेणात पडायची, एकदा माझ्या डोक्यात पडली. तुम्ही तिला नुसती आंघोळ घालताय. तुळसाने स्वतःच्या नवऱ्याला तरी एवढी घातली का?"

काका खूप दिवसांनी हसले. मग उठून आत गेले आणि टोपावरची तबकडी घेऊन आले. ती चाळीस पावलं गेली. सरळ गेली.

अमावास्येला सगळा गाव किनाऱ्यावर जमला. पलीकडच्या टोकाला सोनूबाईची माशांची टोपली बांबूला टांगली होती. डाव्या हाताला समुद्र. काका पांढरी तबकडी घेऊन आले, तसा खंडू हसून वाकडा झाला.

"काका, झाकण घेऊन आलात? टोप कुठाय? मग ती लांब पल्ल्याची मला द्या."

"घे. पण सांगतो, तिला वेग लागतो. तिच्यापायी मी चार दिवस पाण्यात उतरलो."

"तुमचं वय झालं. मी एकटा होडी ओढतो!"

मित्रांनो, मी आनंदाने थरथरले. अखेर मला दणकट दंड मिळाला! खंडूने दात आवळले, मान फुगवली आणि मला असं फेकलं, जसं कोणी पाटा फेकावा. सगळा जोर खांद्यात, मनगट झोपलेलं. मी चाळीस पावलं गेले आणि समुद्रात पडले. काकांची तबकडी चाळीस पावलं गेली आणि वाळूवर पडली.

दुसऱ्या वेळी खंडूने उजवीकडे नेम धरला. मी माडाच्या झावळ्यांत शिरले, तिथून कडेवर उभी राहिले आणि घरंगळत आप्पांच्या खुर्चीखाली गेले. आप्पा पाय वर घेऊन म्हणाले, "हिला टोपली दाखवलीस ना रे?" तिसरी पाण्यात. चौथी बरी गेली. पाचवीने मी टोपलीपासून पंधरा पावलांवर पोचले. खंडू घामाने निथळत होता, पण पोचला होता. काकांच्या पाच फेकी झाल्या होत्या, आणि ते दहा पावलांवर होते.

सहावी फेक. खंडूने मला पुन्हा सगळ्या ताकदीने फेकलं. मी बांबूवर आपटले आणि डावीकडे पडले. कुठे पडणार दुसरीकडे?

आता काकांची पाळी. दहा पावलं म्हणजे काही नाही. पण त्यांनी उंडीकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, पुन्हा उंडीकडे पाहिलं. तबकडी हातात तशीच. एवढ्यात एक कावळा आला आणि टोपलीच्या काठावर बसून आतल्या माशांच्या वासाला चोच मारू लागला.

काकांच्या तोंडातून निघालं, "हाऽड् मेल्या! तुझ्या बापाचं वाळवण?"

कोपर अंगाजवळ, मनगटाचा एक झटका. त्यांनी टोपलीवर नेम धरलाच नव्हता. कावळा उडाला, आणि तबकडी तो बसला होता तिथून आत गेली.

सोनूबाईने पदर तोंडाला लावला. आप्पा म्हणाले, "उंडी महिपतची." खंडूने मला वाळूतून उचललं, उलटसुलट पाहिलं आणि काकांना परत दिलं. "काका, ह्या फेकीचं नाव काय?" काका म्हणाले, "तुझ्या काकीला विचारायला हवं होतं." त्याच खंडूने पुढे पहिल्या बांगड्यांची पाटी उंडीपुढे आणून ठेवली. वाळवायला कोणी तरी हवंच होतं. काका वाळवायला शिकले. खारट करतात, पण शिकले.

पांढरी तबकडी पुन्हा टोपावर गेली, आणि आता टोप रिकामा नसतो. मी उंडीच्या बुंध्याशी असते. सकाळी काका माझ्यावर मूठभर भात ठेवतात आणि बाजूला होतात. माझ्यावर कावळे बिनधास्त उतरतात. लांब पल्ल्याची म्हणून मिरवणारी मी, आता इंचभर हलत नाही. आधी वाईट वाटायचं.

मित्रांनो, पाठीवर छापलेलं वाचून वस्तू घेऊ नका. आधी आपला हात किती वेगाने चालतो ते बघा, आणि त्याला साजेल तीच उचला. मला जोराने फेकू नका, मला वेग द्या. तो नसेल, तर मला सुखाने झाडाखाली ठेवा. आणि घरात गेलेल्या माणसाच्या हातची एखादी तबकडी असेल, तर ती नुसती पुसून ठेवू नका. फेका. ती सरळ जाते.