हजेरीची सही

तारेचं कुंपण घालणारी माणसं गायरानाच्या वरच्या अंगाला पोचली, तेव्हा शेळ्यावाली काकू खाली बांधावर बसून पायातला काटा काढत होती. पहिला खांब उभा राहिला तशी ती काटा तसाच ठेवून लंगडत वर गेली.

"कुणी सांगितलं रे तुम्हाला?"

"कारभाऱ्यांनी," खड्डा खणणारा मान वर न करताच म्हणाला. "झाडं लावायचीत. पाच वर्षं जनावर आत सोडायचं नाही."

काकूच्या डोक्यात सणक गेली. हा कारभारी तिनंच तर निवडून आणला होता. उन्हाळाभर शेळ्या लेकीच्या गळ्यात घालून ती त्याच्यासाठी घरोघर फिरली होती. तिच्या ओट्यावर बसून, तांब्याभर पाणी घटाघट पिऊन तो म्हणाला होता, "काकू, गायरानाला हात लावला तर बापाचं नाव लावणार नाही."

तिनं त्याला वाटेतच गाठलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. "काकू, वरून योजना आली. आपण नाही म्हटलं असतं तर शेजारच्या गावाला गेली असती. आणि सभेनं मंजूर केलंय. तुमचीसुद्धा सही आहे."

"माझी?"

"वहीत आहे की."

सही होती खरी. सभेला गेल्यावर दारातच कारकून वही पुढं करायचा. काकू म्हातारपणी सही शिकलेली. मोठ्या ऐटीत करायची. त्या दिवशी सही केली, पाणी भरायची पाळी म्हणून अर्ध्यातून उठून आली, आणि मागं गायरान गेलं.

घरी दीर पेट्या पुसत बसला होता. तो मधमाश्या पाळायचा. त्यानं कारभाऱ्याच्या विरोधात मत दिलं होतं. आज मात्र स्वारी खुशीत होती.

"वहिनी, माणूस तुमचा जिंकला आणि काम माझं झालं. मला वाटायचं, या सभेबिभेत काही राम नाही. पण बरं चाललंय हो गावाचं."

"भाऊजी, तुमच्या माश्यांना फुलं मिळणार म्हणून बरं चाललंय. माझ्या चौदा शेळ्या काय तार चघळणार?"

दिरानं फडकं खाली ठेवलं. "दहा वर्षं मी झाडं मागत होतो. तेव्हा तुम्हीच म्हणायचात ना, गावानं ठरवलंय, आता गप बसा."

म्हणाली होती ती. तेव्हा दर सभेवरून ती ताठ मानेनं घरी यायची आणि हा पडल्या तोंडानं. सभा तीच, वही तीच. पण आज पडलेलं तोंड तिचं होतं.

पुढच्या सभेला ती उठून उभी राहिली. पाय अजून ठणकत होता.

"माझी सही हजेरीची होती, होकाराची नाही. तसं वहीत लिहा."

कारकुनानं चष्मा सारखा केला. "तसा रकाना नाही, काकू."

"मग समासात लिहा."

"झालेल्या ठरावात आता काय लिहायचं?" कारभारी म्हणाला. "कुंपण काही निघणार नाही."

"निघणार नाही ते मला दिसतंय. रोज त्याला वळसा घालून जाते मी. पण मी हो म्हटलं नव्हतं, एवढं तरी खरं लिहा."

सभेत चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, बसा काकू, उशीर होतोय. काकू बसेना. तेवढ्यात मागच्या भिंतीशी दीर उभा राहिला. ती मनात म्हणाली, आता हा मीठ चोळणार.

"लिहा त्यांचं," दीर म्हणाला. "झाडं मला हवीच आहेत. पण गायरान मोकळं ठेवायच्या ठरावाला मी दहा वर्षं नाही म्हणत होतो, तेही कुणी लिहिलं नाही. वही उघडली तर मी आपला होकारात."

कारकुनानं कारभाऱ्याकडं बघितलं. कारभाऱ्यानं खिडकीकडं. शेवटी कारकुनानं दोन ओळी खरडल्या.

"वाचून दाखवा," काकू म्हणाली.

त्यानं पुटपुटत वाचलं.

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं वाचलं. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कारभाऱ्यानं विचारलं, "झालं समाधान?"

"समाधान कसलं डोंबलाचं," असं म्हणून काकू खाली बसली, आणि दिव्यांच्या खांबांचा विषय निघाला तो शेवटपर्यंत ऐकत राहिली.

कुंपण अजून आहे. काकू कोस दीड कोस वळसा घालून शेळ्या ओढ्याकाठी नेते; त्यातल्या चार विकाव्या लागल्या. मात्र सभेला ती आता आत जाताना सही करत नाही, सगळं ऐकून निघताना करते. तिचं बघून आणखी सात-आठ बायका तसंच करू लागल्या. त्या एकेक अक्षर सावकाश काढतात, आणि कारकून हातात कुलूप घेऊन दारात ताटकळत उभा असतो.