दम लागेल असं चालणं

थोरलीनं उभ्या आयुष्यात कुणाचा आधार घेतला नव्हता. ती इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होती आणि झोपेतून उठवून विचारलं तरी कुठल्याही वॉर्डाचा नंबर सांगायची. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. धाकट्या बहिणीचा नवरा गेला, तेव्हा तिच्या सोबतीला म्हणून आली, ती स्वतःची गादी आणि स्वतःची मतं घेऊन. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना ती पहिल्यांदा वाट चुकली, तेव्हा दोघींनी ते हसण्यावारी नेलं. पुन्हा चुकली, तेव्हा कुणी हसलं नाही. त्यांची आईही अशीच हळूहळू गेली होती.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. हा विसरण्याचा आजार बरा होणारा नव्हे, म्हणाले. पण रोज भरभर चालवा. दम लागला पाहिजे, मात्र बोलता आलं पाहिजे. त्यानं मेंदूला रक्त नीट पोचतं, काहींचं डोकं थोडे जास्त दिवस साथ देतं. सगळ्यांचं नाही. शेवटचं वाक्य धाकटीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ती कामाला लागली. घराजवळच्या मैदानाला कडेनं मातीची वाट होती. थोरलीला बूट घालून ती रोज दुपारी तिथं न्यायची. स्वतः मात्र बाकावर बसायची, कारण कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. थोरली फेऱ्या मारायची आणि बाकाजवळून जाताना टोमणा हाणायची, "घाम माझा, आणि नाव डॉक्टरांचं."

आणि खरंच गुण आला. थोरलीला शांत झोप लागू लागली. ती पुन्हा वर्तमानपत्र वाचून लोकांना नावं ठेवू लागली. एकदा तर जुन्या मेट्रनची नक्कल करून तिनं धाकटीला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसवलं. धाकटीच्या जिवात जीव आला. पावसापाण्याचा, तापसर्दीचा मुलाहिजा न ठेवता ती थोरलीला चालवत राहिली. थोरलीचे पाय तरण्या बाईसारखे झाले.

पण तेवढंच. पुढच्या वर्षी शब्द गळायला लागले. मग माणसं. पाय तसेच राहिले.

त्या दिवशी मैदानाचं पलीकडचं फाटक दुरुस्तीच्या ट्रकसाठी उघडं होतं. थोरली वळणावर वळलीच नाही, सरळ बाहेर पडली. "ताई, थांब!" म्हणत धाकटी धावली, आणि चार पावलांत गुडघ्यानं दगा दिला. ती खडीवर तोंडघशी पडली. कुणीतरी उठवेपर्यंत ताई गर्दीत मिसळली होती. रस्त्यावरच्या लोकांनी तिला पाहिलं होतं, पण अडवलं कुणी नाही. अडखळणारी म्हातारी असती तर एखाद्यानं हात धरला असता. ही तर कामाला उशीर झाल्यासारखी तरातरा निघाली होती.

ती सापडली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शहराबाहेर, सिमेंटचे पाइप रचून ठेवले होते तिथं. एक बूट नव्हता. पायाची सालटी निघाली होती, दोन बोटं पुढे कापावी लागली. एवढ्या थंडीत हृदय भक्कम म्हणून तगल्या, असं इस्पितळातले म्हणाले.

धाकटीचा मुलगा धावत आला होता. तो ओरडला नाही. व्हरांड्यात आईशेजारी बसून हळूच म्हणाला, "आई, तू तिला इतकं चालवलं नसतंस, तर मावशी एवढ्या लांब गेली नसती."

धाकटीनं तेच डॉक्टरांना विचारलं. "चालवलं नसतंत, तर तुमची ओळख कदाचित आधीच पुसली असती," ते म्हणाले. "कदाचित नसती. मला खरंच सांगता येणार नाही."

मुलानं दाराला वरच्या बाजूला कुलूप बसवलं आणि किल्ली आईच्या गळ्यात अडकवून तो गेला. जखमा भरल्यावर थोरली खोलीतच चालू लागली. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. दाराशी आली की कडी हलवून बघायची, मग परत फिरायची. धाकटी स्वयंपाकघरात कानांत बोळे घालून बसायची. तरी पावलं ऐकू यायचीच.

शेवटी एका दुपारी तिनं कुलूप काढलं. थोरलीचा हात आपल्या काखेत घट्ट धरला आणि तिला खाली मैदानावर आणलं. थोरली ओढत होती, धाकटी लंगडत होती. त्या चालीनं कुणालाच दम लागला नसता. वळणावर थोरली थांबली, धाकटीच्या पायाकडे बघत राहिली.

"तुमचा गुडघा दुखतोय," ती आदबीनं म्हणाली. "घरी कुणी बघायला आहे का?"

"बहीण आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीनं बरं झालं अशी मान डोलावली आणि पुन्हा पुढे ओढायला लागली. धाकटीनं पकड आणखी आवळली. थोरलीच्या मनगटावर वळ उठले, तरी तिनं ती सैल केली नाही.