मैनेचा काळा फ्रॉक

मित्रांनो, मी कापड बेतायची कात्री आहे, जुनी आणि हाताला जड लागणारी. कहाणी सांगायची म्हटलं की माझ्यासारख्या वस्तू आधी आपल्या कामाचं कौतुक सांगतात. तेही सांगेन, पण थोडंच. कारण खरं जे सांगायचं आहे, ते सांगताना अजून मला तोंड लपवावंसं वाटतं.

एका लोहारानं मला घडवलं. दोन पोलादी पाती, मधे एक खिळा आणि अंगठ्याला रुतू नये म्हणून गोलसर केलेली मूठ. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी मला पसंत केलं, तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. पुढची वीस वर्षं त्यांच्या लांब टेबलावर, खडूच्या डबीशेजारी माझी जागा ठरलेली होती. शाळांचे गणवेश आम्ही शेकड्यांनी बेतले. कापडाचे आठ थर एका दमात कापायचे आणि एक दोरा सुटू द्यायचा नाही, ही माझी ख्याती. शेजारणी वाखाणायच्या आणि मी फुशारून जायचे.

काकूंची एकुलती एक लेक माझ्यासमोरच वाढली. सगळे तिला मैना म्हणत, पण ती बोलेल तर शपथ! वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज फुटत नसे. सतराव्या वर्षी तिला मोबाइलवर दूरदेशच्या मुलींचे फोटो सापडले. घेरदार फ्रॉक, थरांवर थर झालरी, गळ्याशी लेस, डोक्यावर रिबिनीचं भलंमोठं फूल. जणू काचेच्या कपाटातल्या बाहुल्याच चालत निघाल्या होत्या. त्या फॅशनचं नाव काकूंना कधी नीट उच्चारता आलं नाही. मैनेनं मात्र छत्र्या बनवणाऱ्याकडून उरलेलं काळं कापड आणलं, जुन्या पडद्यांची लेस उसवली आणि चार महिने खपून स्वतःच्या हातानं फ्रॉक शिवला.

दर रविवारी तो घालून ती बागेत जाई. तिथे तसेच नटणारे पाच-सहा जण जमत. परत आली की तिच्या तोंडाची टकळी सुरू.

"आई, आज एका आजोबांनी विचारलं, नाटक कुठे आहे गं? मी म्हटलं, आजोबा, नाटक सोमवार ते शनिवार असतं. आज सुट्टी आहे!"

काकू हसायच्या. पण मैना निघाली की रस्त्यावर कोण कोण बघतंय, ते पडद्याआडून न्याहाळायच्या.

एका सोमवारी गणवेशांचं काम देणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. "काल तुमची मुलगी बसस्टॉपवर दिसली. काय हे सोंग? घरच्या पोरीला शिस्त नाही, आणि आमच्या मुलांचे गणवेश तुम्ही शिवणार?"

काकूंचा चेहरा उतरला. बाई गेल्यावर त्यांनी खुंटीवरचा फ्रॉक ओढून टेबलावर टाकला आणि मला उचललं.

मित्रांनो, कात्रीला कोण विचारतं, असं म्हणून मला अंग काढून घेता येईल. पण खोटं कशाला बोलू? जाड शिवणीवर मी एरवी अडते. त्या दिवशी एकाही झालरीवर अडले नाही. ज्या सफाईचं कौतुक ऐकून मी फुलायचे, त्याच सफाईनं मी गळ्यापासून घेरापर्यंत मैनेचे चार महिने कापून टाकले.

दुपारी मैना कॉलेजातून आली. ती रडली नाही. एक तुकडा उचलून तिनं त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सरळ कापलंयस गं आई," ती म्हणाली. "एवढ्या रागातसुद्धा."

काकू वाकून विखुरलेले तुकडे गोळा करू लागल्या.

त्यानंतर घरात शिलाई मशीनचाच काय तो आवाज. रविवारी मैना भिंतीकडे तोंड करून पडून राही. महिन्याभरानं मुख्याध्यापिकाबाई नवी मापं घेऊन आल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि निघताना म्हणाल्या, "लेक बरी आहे ना? फार गुणी पोर हो तुमची." तो फ्रॉक त्यांच्या ध्यानातही नव्हता! काकू दारातून सरळ आत गेल्या आणि जपून ठेवलेले ते तुकडे काढून बसल्या.

पुढच्याच रविवारी त्यांनी मला, टेपला आणि त्या तुकड्यांना पिशवीत घातलं आणि बाग गाठली. लेसची कॉलर लावलेल्या एका उंच मुलीसमोर जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"मी मैनेची आई. तिनं आपणहून येणं सोडलं नाही, मी तिचा फ्रॉक कापला. हे तुम्ही कसं करता? जन्म गेला गणवेश बेतण्यात, हा घेर काही मला जमत नाहीये."

त्या मुलीनं पिशवीत डोकावून पाहिलं. तुकड्यांबरोबर मीही तिला दिसले. त्या क्षणी मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गंजून जावं. तिनं बाकावर सरकून जागा केली. मग ती म्हणाली, "बसा, काकू."

संध्याकाळी घरी काकूंनी नवं काळं कापड अंथरलं, खडूच्या रेघा मारल्या आणि मला मैनेपुढे धरलं. "तूच काप, बाळा. माझा हात नको लागायला."

मैनेनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कापते. पण हिनं नको गं आई."

दुसऱ्या दिवशी नवी कात्री आली. मायलेकी आता एकमेकींशी बोलतात, थोडं जपून, पण बोलतात. मी खणात असते. काही शोधताना मैनेचा हात मला लागला, की ती तो चटकन मागे घेते. मला तिचा राग येत नाही.

मित्रांनो, माझी धार गेली तरी चालेल. पण तुमच्या घरातल्या कुणी जगावेगळं काही अंगावर घातलं आणि तुमची मान खाली गेली, तर हाताला लागेल ते उचलू नका. "हे तू कसं केलंस?" एवढं विचारा. काकूंना हा प्रश्न परक्या मुलीला जाऊन विचारावा लागला. त्याचं उत्तर चार महिने त्यांच्या टेबलाशीच बसून शिवत होतं.