दुसरी किल्ली

“मग दुसरी कुणाला द्यायची?” एकवीस नंबरनं विचारलं.

मी पोरींना खोलीच्या नंबरानंच हाक मारते. नावं पाठ होईस्तोवर त्या पास होऊन जातात आणि माझे गुडघे तेवढे मागं राहतात. हॉस्टेलच्या चादरी आणि किल्ल्या, दोन्ही माझ्याकडं. बावीस वर्षं झाली. दर खोलीला दोन किल्ल्या. दुसरी ऑफिसात जमा करा, असा नियम. मी म्हणते, मैत्रिणीला द्या. ऑफिस काय तुम्हाला परीक्षेला उठवायला येणारे?

“इथं ओळखीचं कुणी नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच ठेवा ना, मावशी.”

“आठ दिवस. मग घेऊन जायची. मी जन्माचा ठेका नाही घेतलेला.”

चादरींच्या खोलीत एक खिळा होता, त्याला अडकवली. आठाचे ऐंशी दिवस झाले, किल्ली तिथंच.

पोरगी शाळेत कायम पहिली. इथं आल्यावर कळलं, वर्गातल्या सगळ्याच कुठून ना कुठून पहिल्या आलेल्या. पहिल्या चाचणीत आपटली आणि तिथनं तिची झोप गेली. मला चादरीवरनं कळायचं. दर सोमवारी चादर बदलतो आम्ही. तिची धुवायला यायची ती जवळजवळ नवीच. एक सुरकुती नाही. नुसते पायथ्याशी शाईचे डाग. मग चादरीला वास यायला लागला. तो वास मला नवरा होता तेव्हापासून ठाऊक आहे.

एकदा दुपारी गेले तिच्या खोलीत. पलंगाखाली टॉवेलात गुंडाळलेली बाटली, अर्धी.

“हे काय गं?”

“शनिवारी वरच्या मजल्यावरच्या बोलावतात, मावशी. नाही घेतली तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.”

“आणि ह्या गोळ्या?”

“पांढऱ्या जागायच्या. एका सीनियरनं दिल्या. पिवळ्या झोपायच्या.”

“जागायला गोळी, झोपायला गोळी, हसायला बाटली. मग तू स्वतः काय करतेस?”

ती हसली. तिथंच मी फसले. हसतेय म्हणजे ठीक आहे, असं धरून चालले.

“रेक्टरबाईंना नका ना सांगू. घरी पाठवतील.”

पूर्वी एकदा नऊ नंबरबद्दल सांगितलं होतं मी. ती पोरगी त्याच संध्याकाळी पेटी घेऊन गेली. पुढं कळलं, घरच्यांनी पुस्तकं रद्दीत घातली आणि लग्न लावून दिलं. ते मी विसरले नव्हते. म्हणून या वेळी बाटली मळक्या चादरीत गुंडाळून खाली नेली, मोरीत ओतली आणि गप्प बसले. वाटलं, आपण फार शहाणे.

महिन्याभरानं, सोमवारीच. नऊ वाजता सगळ्यांनी आपापली चादर उंबऱ्यावर टाकलेली. एकवीसचा उंबरा रिकामा. दार वाजवलं. परत वाजवलं.

“झोपली असेल हो,” बावीस नंबर म्हणाली. तोंडात ब्रश, केस पिंजारलेले. “माझ्यासारखी.”

“तुझ्यासारखी ती नाही,” म्हटलं आणि किल्ली आणायला निघाले. दोन जिने खाली, दोन जिने वर. मध्ये कुठं थांबले नाही, गुडघे नंतर काय बोलायचं ते बोलले.

दार उघडलं. ती उताणी पडलेली. तोंडाशी ओकारी, श्वास घरघरत होता, मध्येच थांबत होता.

“धर इकडनं! कुशीवर घे तिला!” मी ओरडले. बावीस नंबरचा ब्रश खाली पडला, पण हात चालले पोरीचे. तोंड आम्ही पदरानं साफ केलं. मग बावीस नंबर रेक्टरबाईंना हाका मारत धावली.

ॲम्ब्युलन्स येईस्तोवर रेक्टरबाईंनी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“कधीपासून?”

“महिना.”

बाईंनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं. म्हणाल्या, “तिच्याजवळ बसा गाडीत. डॉक्टरांना सगळं सांगा.”

सांगितलं. पांढरी, पिवळी, बाटली, शनिवार, सगळं. डॉक्टर लिहून घेत होता आणि मला वाटत होतं, हिचीही पेटी मीच भरतेय.

तीन आठवड्यांनी ती आली. बरोबर वडील, त्यांनी पेटी वर नेऊन ठेवली. रेक्टरबाईंनी काढलं नव्हतं तिला. दर बुधवारी डॉक्टरकडं जायचं, एवढी अट. संध्याकाळी चादरींच्या खोलीच्या दारात उभी राहिली. गालफडं बसलेली.

“तुम्ही सांगितलंत.”

“सांगितलं. उशिराच सांगितलं. रागव.”

“रागावले होते. आता दमलेय.” खिळ्याकडं बघून म्हणाली, “ती द्या. बावीस नंबरनं मागितलीय.”

“तिनं? अगं, तिला स्वतःला गजरानं जाग येत नाही.”

“माहितेय. तिची माझ्याकडं असणारे. शनिवारी वर नाही गेले तर आम्ही दोघी पत्ते खेळणार, म्हणते.”

“येतात का तिला पत्ते?”

“नाही. मलाही नाही.”

मी किल्ली काढून दिली. इतके दिवस अडकलेली, तिच्या आकाराची खूण भिंतीवर उमटली होती. पोरगी जिना चढून गेली, कठड्याला धरून, हळू.

मग मी उश्यांचे अभ्रे मोजायला बसले. तीनदा मोजले, तीनदा चुकले. नजर सारखी त्या मोकळ्या खिळ्याकडं जायची.